नारळीकर आणि ड्यूसबर्ग: दोघेही बहुमताविरुद्ध

वैज्ञानिक वादात दोघांचाही पक्ष हरला, पण हरण्याची तऱ्हा वेगळी. जयंत नारळीकरांनी १९९३ मध्ये फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह महास्फोटाच्या (बिग बँग) सिद्धांताला पर्याय मांडला: आकुंचन-प्रसरण पावत राहणारं, आरंभच नसलेलं विश्व. अवघड प्रश्न होता सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा, म्हणजे आकाशात सगळीकडून येणाऱ्या, महास्फोटाचा अवशेष मानल्या जाणाऱ्या मंद प्रारणाचा. तो त्यांनी टाळला नाही. अवकाशातले लोखंडाचे सुईसारखे सूक्ष्म कण ताऱ्यांचा प्रकाश शोषून पुन्हा उत्सर्जित करतात, त्यातून हे प्रारण तयार होतं, असं गणित त्यांनी मांडलं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना हा खुलासा ओढूनताणून केलेला वाटला. मलाही वाटतो. पण निरीक्षणांशी ताडून पाहता येईल असा तो होता, आणि विश्वाबद्दल चुकलं म्हणून कोणाचं औषध थांबत नाही.

अमेरिकेतल्या बर्कलीचे जीवशास्त्रज्ञ पीटर ड्यूसबर्ग हेही कच्चे गडी नव्हेत; रेट्रोव्हायरसवरचं (एचआयव्ही ज्या गटात मोडतो त्या विषाणूंवरचं) त्यांचं काम नावाजलेलं. १९८७ पासून ते म्हणत राहिले, एड्स एचआयव्हीमुळे होत नाही. दूषित रक्तातून लागण झालेले रुग्ण, नव्या औषधांनी तगलेले रुग्ण, असा पुरावा साचत गेला तरी भूमिका तसूभर हलली नाही. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी त्यांना सल्लागार मंडळात घेतलं. तिथे एचआयव्हीवरचा सरकारी औषधोपचार लांबला. हार्वर्डच्या संशोधकांच्या अंदाजानुसार त्यापायी तीन लाखांहून अधिक जीव गेले.