शिमग्याची पालखी की दशावताराची रात्र?

मित्रमंडळींनी शनिवार-रविवार कोकणात जायचं, तेही समुद्रासाठी नाही तर लोककलेसाठी, असं ठरलं की दोन नावं हमखास निघतात. एक रत्नागिरीकडचा शिमगा, दुसरं सिंधुदुर्गातल्या जत्रांमधला दशावतार, म्हणजे देवळासमोर रात्रभर रंगणारं लोकनाट्य. आम्ही चौघांनी दोन्ही केलं, एक फाल्गुनात आणि एक मार्गशीर्षात.

शिमग्याला संगमेश्वराजवळच्या एका गावात मित्राच्या काकांकडे उतरलो होतो. सहाणेसमोर, म्हणजे पालखी बसवतात त्या जागेसमोर, ग्रामदेवतेची पालखी नाचताना पहिल्यांदा बघितली. ढोलाचा ठेका चढला तसे खांदे बदलत गेले, पालखी झुकत होती, उसळत होती, आणि आतली देवीची चांदीची रुपं, म्हणजे मुखवटे, दिव्यात चमकत होती. अंगावर काटा आला. रात्री नमनही बघितलं, हे तिकडचं नाच-गाण्याचं लोकनाट्य. मृदंगावर खेळे नाचले, स्त्रीवेशातली गोमू आली, आणि काळ्या पोशाखातला, उंच टोपीचा संकासुर हा राक्षस कमरेचे घुंगरू वाजवत पोरांमध्ये घुसला. हे सगळं मनापासून आवडलं.

अडलं ते दुसऱ्या दिवशी. पालखी घरी येणार होती. कधी, ते कुणालाच सांगता येईना. "दुपारपर्यंत येईल." मग "वरच्या वाडीत आहे." मग "अजून चार घरं." काकूंनी अंगणातली रांगोळी दोनदा काढली, ओटीचं ताट तिसऱ्यांदा पुसून ठेवलं. यात कुणाची चूक नव्हती. प्रत्येक घरी ओटी, नवस, गाऱ्हाणं. देवाला घाई कशी करायची? पण आम्हाला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. तीनच्या एस.टी.ने निघालो. रात्री नऊला मित्राच्या काकांचा फोन आला, मागे ढोल वाजत होते. पालखी अंगणात होती आणि आम्ही घाटात. ती हळहळ अजून गेलेली नाही.

दशावताराचं तसं होत नाही. कार्तिकापासून पुढे महिनोन्महिने कुठल्या ना कुठल्या गावची जत्रा असते, त्यामुळे बहुतेक शनिवारी कुडाळ-सावंतवाडीच्या आसपास एखादा प्रयोग मिळून जातो. सुरू व्हायला मध्यरात्र होते, कारण आधी देवाची पालखी देवळाभोवती फिरते. पण एकदा पायपेटी, पखवाज आणि झांज लागली की पहाटेपर्यंत कुठे जायला नको.

आम्ही लवकर पोचलो म्हणून देवळामागे रंगपट, म्हणजे नटांची रंगायची जागा, बघायला मिळाला. एका बल्बच्या उजेडात, पेटाऱ्याच्या झाकणाला टेकवलेल्या आरशात बघत एक पन्नाशीचे गृहस्थ नऊवारी नेसत होते. आज कुठलं आख्यान लावायचं ते शेजारी त्याच वेळी ठरत होतं. संहिता नाही, तालीम नाही. तासाभराने तेच गृहस्थ राणी होऊन आले आणि टाकून दिलेल्या बायकोचं दुःख असं बोलले की माझ्या शेजारची आजी पदर डोळ्याला लावून बसली. रंगमंचावर एक बाकडं, बस्स. तेच सिंहासन, तेच रान.

इथेही संकासुर आहेच, मुख्य आख्यानाआधीच्या आडदशावतार नावाच्या भागात. रत्नागिरीकडचा आम्ही बघितला तो नुसता नाचला. हा मालवणीत बोलतो, आणि काय बोलतो! दोन्ही बघितल्याशिवाय ही गंमत कळत नाही, म्हणून शिमगा टाळा असं मी म्हणणार नाही. गावात हक्काचं घर असेल आणि चार-पाच दिवसांची रजा असेल तर शिमगाच करा, त्याला तोड नाही.

पण हातात दोनच दिवस असतील, आणि गावात कुणी ओळखीचं नसेल, तर माझं मत दशावताराकडे झुकतं. जत्रेत पाहुणा कोण, गावकरी कोण, कुणी विचारत नाही. चटई टाकली की जागा आपली. रविवारी थोडी झोप काढून कुडाळजवळ पिंगुळीला जाता येतं. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. त्यासाठीच परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

पहिल्याच खेपेला मालवणजवळची आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा मात्र नको. लाखोंची गर्दी असते, आणि जत्रेची तारीखही देवीचा कौल घेऊन ठरते. लहान गावची जत्रा गाठा, दहापर्यंत पोचा, जत्रेतला गोड खाऊ, खाजं, घ्या आणि पखवाजवाल्याच्या बाजूला बसा. शाली दोन न्या, पहाटे दंव पडतं.