पीटर सिंगर वाचायचे तर सुरुवात कशाने?

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या नीतिविचारात शिरायला तीन दारं आहेत: १९७२चा निबंध ‘फॅमिन, ॲफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’, १९७५चं ‘ॲनिमल लिबरेशन’ आणि १९७९चं ‘प्रॅक्टिकल एथिक्स’. वाद पेटला तो तिसऱ्यावरून, म्हणून बरेच जण थेट तिथंच घुसतात आणि चिडून पुस्तक मिटतात. आमचं मत: आधी निबंध.

तो जेमतेम पंधरा पानांचा, पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या निमित्ताने लिहिलेला. युक्तिवाद दोन पायऱ्यांचा. अन्न, निवारा, औषधपाणी न मिळाल्याने होणारे हाल आणि मृत्यू वाईट. तितक्याच मोलाचं काही न गमावता ते टाळता येत असतील, तर टाळणं हे कर्तव्य, दानधर्म नव्हे. तळ्यात बुडणाऱ्या मुलाचं प्रसिद्ध उदाहरण यातलंच. ते वाचताना डोळ्यांसमोर कोल्हापूरचा रंकाळा तलाव आणू नका. सिंगर यांचं तळं उथळ आहे. वाचवणाऱ्याचे कपडे चिखलाने माखतात, जीव धोक्यात येत नाही. तळं खोल केलं की युक्तिवादच बुडतो. खरी अडचण अंतराची. २०१९च्या महापुरात शिरोळकडे मदत धावली, कारण माणसं आपली होती. सिंगर यांच्या हिशेबात या आपलेपणाला वजन नाही, आफ्रिकेतल्या अनोळखी पोराचा हक्क तेवढाच. पटत नसेल, तर कोणती पायरी नाकारता ते सांगावं लागतं.

प्राण्यांच्या वेदनांवरचं ‘ॲनिमल लिबरेशन’ कोल्हापुरात दोन्ही बाजूंनी चुकीचं वाचलं जातं. तांबडा-पांढरा ओरपणारा आपल्या ताटावर हल्ला झाला म्हणून खवळतो, तर जैन घरातला वाचक ही अहिंसाच आहे असं समजून सुखावतो. सिंगर यांचा मुद्दा जीव पवित्र असण्याचा नाही, वेदना होण्याचा आहे. त्यामुळे कांद्या-बटाट्याला त्यांची हरकत नाही. दुधाला मात्र आहे, कारण डेअरीत वासरू आईपासून तोडलं जातं. पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं माळावर चरलेल्या बकऱ्याच्या मटणापेक्षा वाईट ठरू शकतं, हे शाकाहाऱ्यालाही पचायला जड जातं. घ्यायचंच तर २०२३ची नव्याने लिहिलेली ‘ॲनिमल लिबरेशन नाऊ’ ही आवृत्ती घ्या.

‘प्रॅक्टिकल एथिक्स’ सर्वांत अवघड आणि सर्वांत बदनाम. स्वतःची जाण असलेला, पुढचं आयुष्य हवंसं वाटणारा जीव म्हणजे ‘व्यक्ती’. नवजात बाळ या अर्थाने व्यक्ती नाही, म्हणून गंभीर व्यंगाच्या काही प्रसंगी त्याचं आयुष्य संपवण्याचा निर्णय आईवडिलांना घेता यावा, असं सिंगर म्हणतात. यावरून १९८९मध्ये जर्मनीत त्यांची व्याख्यानं रद्द झाली, १९९९मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात नेमणूक होताच निदर्शनं झाली. त्यांना नाझी म्हणणं मात्र आंधळेपणाचं. त्यांच्या आजी-आजोबांपैकी तिघे नाझींच्या ज्यूसंहारात बळी गेले. घाव घालायची जागा वेगळी आहे: दिव्यांग माणसाचं जगणं कितपत सुखाचं, हे बाहेरून कोण ठरवणार? २००२मध्ये प्रिन्स्टनलाच त्यांच्याशी वाद घालणाऱ्या दिव्यांग वकील हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन यांचा २००३चा लेख म्हणून सोबत ठेवा.

शिवाजी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत असाल, तर ‘प्रॅक्टिकल एथिक्स’ची २०११ची तिसरी आवृत्ती घेऊन प्रकरण १, २, ४, ६ आणि मग ७ असा क्रम धरा. चौथं गाळून सातव्यावर गेलात, तर निष्कर्ष दिसतात, पण त्यांचा आधार हाती लागत नाही. पाचवं नंतर वाचलं तरी चालतं.