भरती एजन्सी: पैसे वेळेवर, हिशेब मात्र झाकलेला

या एजन्सीमार्फत कंत्राटी काम घेताना, ग्राहक कंपनी ताशी किती दर मोजते या प्रश्नाला ‘ते गोपनीय आहे’ एवढेच उत्तर मिळाले. फारच लकडा लावल्यावर ‘आमचे कमिशन २० टक्के’ असे सांगण्यात आले. पण हे टक्के ग्राहकाच्या दरावर की माझ्या मानधनावर, हे गुलदस्त्यातच राहिले. मला ८० मिळत असतील, तर पहिल्या हिशेबाने ग्राहक १०० मोजतो आणि दुसऱ्याने ९६. एजन्सीने नफा घेऊ नये असे नाही (ग्राहकाकडे पैसे थकले तरी माझे बिल तिने वेळेवर चुकते केले). तथापि मुदतवाढीच्या वेळी ‘ग्राहकाचे बजेट आटले’ म्हणून माझा दर उतरवताना तिने स्वतःचा वाटाही उतरवला का, हे लेखी मागूनही तिने कळवले नाही.