मुलांच्या दीर्घ थकव्याची तपासणी: आमचा अनुभव, पाचपैकी चार तारे

माझी मुलगी 12 वर्षांची. एप्स्टीन-बार विषाणूचा ताप येऊन गेला, त्याला पाच महिने झाले तरी पोरगी काही पूर्ववत होईना. हिमोग्लोबिन, थायरॉईड, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आधीच्या डॉक्टरांनी "शाळेचा कंटाळा असेल" म्हणून परत पाठवलं. मलाही ते पटलं आणि मी तिला रोज सकाळी ओढून उठवत राहिले. ते अजून टोचतं.

मग मुलांच्या दीर्घ थकव्याच्या या ओपीडीत नाव घातलं. तिथे संशय होता एमई/सीएफएसचा (क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घ थकव्याचा आजार). पहिली भेट सव्वा तासाची. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं गं?" शाळा टाळणारी मुलं सहसा सुट्टीत बरी असतात. ही रविवारी जास्तच आडवी असायची, आठवडाभर रेटलेली शाळा तेव्हा अंगावर यायची. पुढचा प्रश्न, "आत्ता बरी असतीस तर काय केलं असतंस?" तिने धडाधड सहा गोष्टी सांगितल्या. नैराश्यात बहुतेकदा इच्छाच उरत नाही, हे मला तिथे कळलं.

मग उभं राहायची चाचणी. आधी दहा मिनिटं आडवं, नंतर भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं उभं. नर्सताई दर मिनिटाला नाडी लिहीत होत्या. झोपलेली असताना 76, आठव्या मिनिटाला 121. पावलं जांभळट पडली, बोलता बोलता तिला शब्द सापडेनात. या वयात नाडी 40 किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली तर ती दखल घेण्यासारखी बाब असते. "उभं राहिलं की गरगरतं" हे ती मला महिनोन् महिने सांगत होती.

सगळ्यात कामाचा ठरला तो घरी भरायला दिलेला तक्ता: आज काय केलं, उद्या आणि परवा कसं होतं. एका शनिवारी ती मैत्रिणीकडे दोन तास खेळली, रात्री हसत जेवली, आम्ही खूश. सोमवारी तिला दात घासायचा ब्रश धरवेना. श्रमानंतरची ही घसरण बऱ्याचदा 12 ते 48 तासांनी येते, म्हणून घरच्यांना संबंधच लागत नाही. एमई/सीएफएस या आजाराची मुख्य खूण हीच. रक्ताची कुठलीच तपासणी तो पक्का सांगत नाही.

ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेच्या 2021 च्या सूचनांप्रमाणे मुलांमध्ये 4 आठवड्यांनंतर संशय घ्यायचा आणि 3 महिन्यांनी निदान पक्कं करायचं. ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचारही त्यांनी तेव्हाच बंद करायला सांगितला. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावलं, "जमेल त्याच्या आतच थांबायचं" एवढंच तिला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही ना?" मला रडू आवरेना.

एक तारा कापला तो प्रतीक्षेसाठी. डोळ्यांवर येणाऱ्या दिव्यांखाली, कडक खुर्चीवर चाळीस मिनिटं. त्या एका फेरीने ती तीन दिवस अंथरुणात होती. अशा मुलांसाठी तिथे एक खाट हवीच. शाळेसाठीचं पत्र मिळायलाही तीन आठवडे गेले, ते पहिल्याच दिवशी मागून ठेवा. आणि दुसरी भेट फोनवर घेतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.