खिशात बाळगायची बंदूक: पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर की दहा गोळ्यांचं चपटं पिस्तूल?

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात जाऊन ‘खिशात मावेल असं काहीतरी दाखवा’ म्हटलं, की बहुधा दोन जातींची हत्यारं समोर येतात. एक म्हणजे .३८ स्पेशल या काडतुसाचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसनचं ६४२ किंवा रुगरचं एलसीआर. दुसरं म्हणजे .३८० या काडतुसाचं चपटं पिस्तूल, यात सध्या रुगरचं एलसीपी मॅक्स पुढे आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी जे या दोहोंत अडकले आहेत, त्यांच्यासाठी हा आढावा.

त्याआधी कायदा. एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला साधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका. हा गुन्हा तुरुंगात नेऊ शकतो, शिवाय इमिग्रेशनची वाटही कायमची बंद करू शकतो. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही आडकाठी नाही, पण राज्याचे नियम त्यांनाही लागू होतात, त्याबद्दल पुढे.

आता वजन. रिकामं ६४२ साधारण ४०८ ग्रॅम भरतं, एलसीआर ३८३ आणि एलसीपी मॅक्स ३०० च्या आसपास. (आपल्याकडे २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने हलकं म्हणून आणलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर ५०० ग्रॅमचं होतं, त्यावरून अंदाज येईल.) काउंटरवर हा फरक किरकोळ वाटतो. ऑफिसच्या पातळ सुती पँटीत दिवसभर घालून फिरलं, की शंभर ग्रॅम चांगलेच जाणवतात. जाडीचा फरक त्याहून मोठा आहे. रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं चक्र जवळपास सव्वातीन सेंटिमीटर जाड असतं, तर एलसीपी मॅक्स दोन सेंटिमीटरच्या घरात. जीन्स, कार्गो किंवा हिवाळ्यातलं जॅकेट असेल तर रिव्हॉल्व्हरचा गोलसर फुगवटा बंदुकीसारखा दिसतही नाही. पण तुमचा रोजचा वेश फॉर्मल पँट असेल, तर पिस्तुलाला पर्याय नाही.

मात्र बाळगणं सोपं झालं की झाडणं अवघड होतं, आणि हे विकणारा सहसा सांगत नाही. हलक्या बंदुकीचा धक्का सगळा तळहातात येतो. ६४२ मध्ये जास्त दाबाच्या, म्हणजे प्लस-पी, गोळ्या भरून पाच बार काढले की अंगठ्याचं बेचकं झणझणतं. पुढच्या पाच बारांना हात आपोआप आधीच आकसतो, आणि नेम खाली जातो. एलसीपी मॅक्सचा धक्का त्या मानाने कमी, पण मूठ इतकी अरुंद की पकड सैल पडते. पकड सैल पडली की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) पुरती मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. नवख्या हातात छोटी पिस्तुलं अडकण्याचं हे एक मोठं कारण आहे.

चापाचा मामला उलटा आहे. ६४२ चा चाप जवळपास साडेपाच किलोचा दाब मागतो आणि लांबवर मागे येतो. बोटात जोर नसेल तर बंदूक थरथरते आणि गोळी भलतीकडे जाते. एलसीआरचा चाप त्याहून मऊ सरकतो, आतल्या कॅमची रचना घर्षण कमी करते. २००९ मध्ये आल्यापासून या बंदुकीची खरी ओळख तीच आहे. एलसीपी मॅक्सचा चाप बराच हलका आणि आखूड आहे. नेमाला ते बरं. पण मूळ मॉडेलला बाहेरून सेफ्टीचं बटण नाही, त्यामुळे खिशात किल्ली, पेन, नाणं काहीही चापापाशी गेलेलं चालणार नाही. सेफ्टीवालं मॉडेलही मिळतं.

म्हणून खिशाचा होल्स्टर, म्हणजे बंदुकीचं म्यान, हवाच, कोणतंही हत्यार घेतलं तरी. तो चाप पूर्ण झाकतो, बंदूक सरळ उभी ठेवतो आणि काढताना खिशातच राहतो. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, रुमालसुद्धा नाही. कापसाचं लिंट मात्र तरीही साचतं. रिव्हॉल्व्हर ते बऱ्यापैकी सोसतं, पिस्तुलाची साफसफाई वरचेवर लागते.

खिशातून काढण्यात ६४२ सरस आहे असं माझं ठाम मत आहे. त्याचा घोडा (चाप नव्हे, मागची हातोडी) सांगाड्याच्या आत दडलेला असल्यामुळे कापडात काहीच अडकत नाही. जॅकेटच्या खिशात मूठ आधीच पकडून उभं राहता येतं आणि समोरच्याला वाटतं थंडीने हात खिशात आहेत. अगदी गळ्याशी आल्यावर तर ते कोटाच्या खिशातूनही एकामागून एक बार काढू शकतं. पिस्तुलाची स्लाइड कापडात अडकेल आणि पहिल्या बारानंतर थांबेल. झटापटीत नळी समोरच्याच्या अंगावर दाबली गेली तरी हाच फरक, कारण पिस्तुलाची स्लाइड मागे ढकलली जाते आणि बार उडत नाही. गाडीत सीटबेल्ट लावून बसल्यावर मात्र दोन्ही सारखीच निरुपयोगी, पँटीच्या खिशातून काही निघत नाही.

गोळ्यांची संख्या पिस्तुलाच्या बाजूने आहे: मॅगझिनमध्ये दहा आणि नळीत एक, रिव्हॉल्व्हरमध्ये पाच. पुन्हा भरणंही पिस्तुलात झटपट. पण गोळी काय करते तेही पाहा. एफबीआयच्या जिलेटिन चाचणीत (मांसासारख्या घट्ट जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडून पाहतात) गोळी ३० ते ४५ सेंटिमीटर आत जावी अशी अपेक्षा असते. इतक्या आखूड नळीतून सुटलेली .३८० ची पोकळ टोकाची, म्हणजे आत शिरताना फुलावी म्हणून बनवलेली, गोळी एकतर फुलते आणि उथळ थांबते, किंवा फुलतच नाही. .३८ मध्ये १४८ ग्रेनची (साधारण साडेनऊ ग्रॅमची) सपाट तोंडाची वॉडकटर वापरली तर ती फुलत नाही, पण पुरेशी आत जाते आणि धक्काही सौम्य राहतो. माझ्या मते ६४२ घेणाऱ्याने प्लस-पीच्या मागे न लागता हीच काडतुसं भरावीत.

धक्का तरीही सोसत नसेल तर .३२ कडे बघा. स्मिथ अँड वेसनने २०२४ मध्ये ४३२ यूसी आणलं. त्यात .३२ एच अँड आर मॅग्नमच्या सहा गोळ्या बसतात, आणि कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरला लागतं ते .३२ लाँग काडतूसही त्यात चालतं. वयस्कर किंवा संधिवाताच्या हातांना हे फार मानवतं.

न्यू जर्सीतल्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर तिथे बाळगण्याचा परवाना सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, पण पोकळ टोकाच्या गोळ्या घेऊन बाहेर फिरायला बंदी आहे, आणि मॅगझिनची मर्यादा दहाची. म्हणजे एलसीपी मॅक्ससाठी वेगळं मिळणारं बारा गोळ्यांचं मॅगझिन तिथे चालणार नाही. वॉडकटर मात्र चालतात, त्यामुळे ६४२ चं पारडं तिथे आणखी जड होतं. टेक्ससमध्ये २०२१ पासून परवान्याशिवायही पात्र प्रौढांना बाळगता येतं, तरी परवाना काढाच. त्या निमित्ताने प्रशिक्षण होतं आणि दुसऱ्या काही राज्यांत तो मान्य असतो.

निर्णय कसा घ्यायचा? दोन्ही भाड्याने देणारी नेमबाजीची रेंज शोधा. पाच मीटरवर साधा कागद अर्धा दुमडून लावा आणि प्रत्येकीने पाच-पाच बार काढा, सावकाश नव्हे, दमदार गतीने. जिच्या पाचही गोळ्या कागदावर बसतात ती तुमची. दोन्ही सारख्या बसल्या तर महिन्यातून एकदा सराव करणाऱ्याने एलसीपी मॅक्स घ्यावं. वर्षातून दोन-तीनदाच रेंजवर जाणाऱ्याने एलसीआर किंवा ६४२ घ्यावं, कारण बार फुसका गेला तर पुन्हा चाप ओढला की काम भागतं. पिस्तुलात तेव्हा मॅगझिनवर थाप मारून स्लाइड ओढावी लागते, आणि ती सवय सरावाशिवाय हाताला लागत नाही.

घरात मुलं असतील तर बंदुकीच्या किमतीतच छोट्या तिजोरीचे पैसे धरा. खिशातल्या बंदुकीचा सगळ्यात मोठा धोका जॅकेट खुंटीला लावल्यावर सुरू होतो. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, सगळ्यांचे कोट एका पलंगावर पडलेले असताना, कुणाच्या तरी खिशात भरलेलं ६४२ असणं ही कल्पनाही सहन होत नाही. घरात पाऊल टाकलं की आधी होल्स्टरसकट बंदूक तिजोरीत, मग बूट.