शेळ्या की म्हैस? डॉक्टरचा खर्च कुणाला जास्त (बेळगाव भागातला हिशेब)

मामेभाऊ परवा घरी आला होता, सोसायटीचं कर्ज मंजूर झालंय म्हणाला, साधारण ऐंशी-नव्वद हजार हातात येणार. "दादा, एक चांगली म्हैस घेऊ की आठ-दहा शेळ्या? चाऱ्याचं मी बघतो, डॉक्टरला किती जातंय तेवढं सांग की." मी पटकन बोलून गेलो की शेळ्या घे, शेळीला काय डॉक्टर लागतोय. तो गेल्यावर दुधाच्या वहीची मागची पानं काढून बघितली, तिथं मी जनावरांचा खर्च लिहून ठेवतो, आणि मग कळलं की आपण त्याला अर्धंच सांगितलंय. ते नीट लिहितो, असा विचार करणारे बाकी पण बरेच असतील.

आमचं गाव बेळगाव तालुक्यात, वेंगुर्ला रोडच्या बाजूला. बाची ओलांडलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. माझ्याकडे नऊ शेळ्या आणि एक मुऱ्हा म्हैस आहे, त्याआधी एक एचएफ (होल्स्टिन, संकरित) गाय होती ती विकली (का विकली ते पुढं येतंय). खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमच्याकडे थोडं कमीजास्त होणार.

गेल्या वर्षी म्हशीवर गेले ते असे. व्याल्यावर दुसऱ्या दिवशी उठेना, डॉक्टर बोलावून कॅल्शियम लावलं, फी आणि औषध धरून ९५०. पुढं दोन महिन्यांनी एका सडाला गाठी आल्या, दूध फाटल्यासारखं यायला लागलं, म्हणजे कासदाह, त्याला चार दिवस इंजेक्शनं आणि सडात सोडायच्या ट्यूबा, ते ३५०० ला पडलं. जंताच्या गोळ्या १२०. भरवायला (रेतनाला) तीन वेळा माणूस आला त्याचे ४५०. बेरीज ५०२०. पण खरं पुढं आहे, अँटिबायोटिक चालू असताना आणि थांबल्यावर पण काही दिवस असं मिळून आठ दिवस दूध डेअरीला घालता आलं नाही, सहा लिटरच्या हिशेबाने ४८ लिटर, पन्नास रुपये धरले तर २४०० असेच गेले. एकूण ७४२०.

आता नऊ शेळ्या. जंताचं औषध वर्षाला ४८०, गोचीड-पिसवांचं २२०, एकीच्या जखमेत किडे पडले त्याचा स्प्रे वगैरे १६०, लसीसाठी दवाखान्यापर्यंत ये-जा पेट्रोल १८०, आणि रात्रीची एक व्हिजिट औषधासकट १३४०. बेरीज २३८०. नऊ जनावरांना! मी भावाला सांगितलं ते ह्याच आकड्यावर.

वहीत जे लिहिलं नव्हतं ते म्हणजे दोन पिल्लं मेली. एक हगवण लागून तीन-चार दिवसांत गेलं. दुसरं बोकड होतं, सगळ्यात तगडं, संध्याकाळी दावणीवर चढून उड्या मारत होतं आणि सकाळी पाय ताठ करून पडलेलं. डॉक्टर म्हणाले आंत्रविषार, आणि हा रोग असाच, चांगलं खाणाऱ्या पिल्लालाच आधी धरतो आणि औषधाला वेळच देत नाही. त्याची लस पावसाळ्याआधी द्यायची असते, पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, नंतर वर्षाला एकदा. एक डोस दिलेला, दुसऱ्या डोसाच्या दिवशी माझ्याकडे भाताच्या लावणीला बायका लावलेल्या, ते सोडून कोण जातंय, राहून गेलं. दोन पिल्लं मोठी करून विकली असती तर सात हजार कुठं गेले नसते. ते धरा की मग, ९३८०. म्हशीच्या वर गेलं!

म्हणजे म्हशीचा खर्च बिलात दिसतोय आणि शेळीचा खर्च मेलेल्या पिल्लात जातोय, आणि मेलेल्याचं बिल कोण देत नाही म्हणून आपण ते धरतच नाही. असं का होतंय त्याला साधं कारण आहे, डॉक्टरचं पेट्रोल जनावराची किंमत बघून कमी होत नाही. लाखाच्या म्हशीला सहाशे रुपयांची व्हिजिट आपण डोळे झाकून देतो, आठ हजाराच्या शेळीला देताना हात आखडतोय.

ती रात्रीची व्हिजिट सांगतो, म्हणजे कळेल. वाडीत लग्न होतं, उरलेला भात पाटीत भरून मांडवामागं ठेवलेला, आमच्या काळी शेळीने दावं तोडून तो पोटभर खाल्ला. रात्री साडेनऊला बघतो तर कोपऱ्यात मान टाकून उभी, दात खातेय, डावी कूस टम्म आणि हात लावून हलवली की आत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज. मला माहीत होतं की भात-धान्य जास्त झालं की पोटात आंबतं आणि जनावर सकाळ बघत नाही. तरी पण मी दीड तास बसलो, सहाशे फी द्यावी की सकाळी सरकारी दवाखाना उघडेपर्यंत थांबावं. बायकोच म्हणाली, "म्हशीला असं झालं असतं तर एव्हाना डॉक्टर येऊन च्या पिऊन गेला असता." फोन लावला. डॉक्टर येईस्तोवर त्यांनी सांगितल्याप्रमाणे खायचा सोडा पाण्यात कालवून थोडा थोडा पाजला, तोंड वर न उचलता, कारण मान फार वर केली तर औषध फुप्फुसात जातंय. काळी वाचली, आता गाभण आहे.

आता डॉक्टर कुठला, ह्यावर पण पैसा ठरतोय.

सरकारी दवाखाना स्वस्तच, तपासणी आणि मुख्य लसी फुकट, त्याला तोड नाही. लाळ्या-खुरकूताची लस २०१९ पासून केंद्राच्या योजनेत सहा महिन्याला गावात येऊनच टोचतात, कानात बारा आकडी बिल्ला असतोय तो त्यासाठीच. शेळ्यांची पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस पण मोहिमेत मिळते, एकदा टोचली की तीन वर्षं तरी बघायला नको. अडचण एकच, डॉक्टरकडे दोन-तीन ठिकाणचा चार्ज असतो, मग आज भेटतील की उद्या ते फोन केल्याशिवाय कळत नाही. भाषेचं म्हणाल तर बोर्ड आणि फॉर्म कन्नडात, पण डॉक्टर-कंपाउंडर बहुतेक मराठी समजतात आणि जनावराचं दुखणं सांगायला भाषा कितीशी लागते. शेळीसाठी हा मार्ग सोयीचा कारण शेळी टेम्पोत, अगदी मोटरसायकलवर पुढं घेऊन पण नेता येते. म्हैस काय नेताय.

म्हणून म्हशीला घरी येणारा लागतोय, आणि तिथं १९६२ नंबर आहे, फिरता दवाखाना, गाडी गोठ्यापर्यंत येते. हा नंबर दोन्ही राज्यांत तोच आहे आणि आमच्यासारख्यांची गंमत तिथंच होते. एकदा मी शेताच्या वरच्या अंगाला उभा राहून फोन लावला, मोबाईलने टॉवर पलीकडचा पकडलेला, तिकडून बाई विचारतात तालुका चंदगड (म्हणजे महाराष्ट्रातला) का? मी म्हटलं बेळगाव. मग त्या बिचाऱ्या काय करणार. तेव्हापासून घराच्या ओट्यावर येऊनच लावतो. फोन करताना राज्य, तालुका, गाव आधी सांगा. तातडीचं असेल तर गाडी दुसऱ्या गावात असू शकते हे धरूनच चाला.

प्रायव्हेट डॉक्टर आमच्याकडे दिवसा ३०० ते ४००, रात्री ६०० च्या पुढं, औषध वेगळं. पैसे जातात पण वेळेवर येतात. एक बघा, पदवीवाला नोंदणी झालेला डॉक्टर आणि इंजेक्शन टोचत फिरणारा माणूस ह्यात फरक आहे. दुसरा शंभर-दीडशेत काम करतो, भरवायला वगैरे ठीक, पण कॅल्शियमची बाटली शिरेत फार जोरात सोडली तर म्हैस जागेवर आडवी होते, हृदयच बंद पडतं. त्यात दोनशे वाचवू नका.

शिनोळीच्या पुढं चंदगडकडचा डॉक्टर आणायचा का, हे पण विचारतात लोक. अंतर जवळ असेल तर उपचाराला आणा, जनावराला काय बॉर्डर कळतेय. पण जनावर मेलं तर पोस्टमार्टेम आणि दाखला आपल्याकडच्या सरकारी डॉक्टरचाच लागणार, त्यामुळे त्यांच्याशी ओळख ठेवूनच असा.

मेडिकलमधनं विचारून औषध आणणं सगळ्यात स्वस्त दिसतंय आणि मी पण करतो, खोटं का बोलू. जंताचं औषध आणायला हरकत नाही, पण शेळी अंदाजाने "वीस किलो असेल" म्हणून कमी पाजलं तर जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला निर्ढावतात, म्हणून पोत्यात बसवून काट्यावर वजन करा. अल्बेंडाझोल गाभण शेळीला पहिल्या महिन्यात देऊ नका. आमच्या भात-पट्ट्यात आणि खानापूरकडे तर अजून जास्त, पाणथळीत चरणाऱ्या जनावरांना पानाच्या आकाराचे लिव्हरचे किडे होतात, त्याला साधं जंताचं औषध पुरत नाही, वेगळं लागतं, तेव्हा शेण तपासून घेतलेलं बरं. आणि दुखण्यावर घरात पडलेलं डायक्लोफेनॅक टोचू नका, जनावरांसाठी ते २००६ पासूनच बंद आहे (मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मेली म्हणून), २०२३ ला केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक पण बंद झालं. मेलोक्सिकॅम मिळतंय, ते चालतं.

एचएफ गायीचं राहिलं. दूध भरपूर, पण गोचीड ताप आला, ताप उतरेना, लघवी चहासारखी, त्याचं जे खास इंजेक्शन असतं ब्युपारव्हाक्वोनचं ते एकच एवढं महाग की त्यात शेळ्यांचं वर्षभराचं जंताचं औषध येऊन वर पैसे उरले असते. संकरित गायीला हा ताप जास्त बाधतो, म्हशीला आणि गावठी गाईला तेवढा नाही. त्यात २०२२ ला लम्पी (अंगावर गाठी येणारा रोग) आला, गायींनाच जास्त धरला, तेव्हा शेळीच्या देवी रोगाची लस गायींना टोचत होते, मजा आहे की नाही. गाय वाचली पण मी दमलो, विकली. डॉक्टरच्या खर्चाने क्रम लावायचा तर आमच्या हवेत एचएफ सगळ्यात वर.

नुकसान झालं तर परत काय मिळतंय ते पण बघून ठेवा. कर्नाटकात जनावर मेलं तर भरपाई देणारी अनुग्रह योजना आहे, २०२५-२६ च्या बजेटमध्ये रक्कम वाढवली, गाय-म्हैस-बैल १५,००० आणि शेळी-मेंढी ७,५००, तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाला ५,०००. नीट बघा, शेळीची जवळपास किंमत निघते, म्हशीची पाव पण नाही. म्हणून म्हशीला विमा पाहिजेच, २०२४ पासून केंद्राच्या योजनेत शेतकऱ्याने हप्त्याचा १५ टक्केच भरायचा आहे, बाकी सरकार भरतं. कानातला बिल्ला पडला असेल तर आधी तो लावून घ्या, फोटो काढून ठेवा.

तर भावाला परत फोन केला. सांगितलं, तुझी बायको दिवसभर घरी असते, जनावराकडे लक्ष आहे आणि जवळ दोन-तीन हजार कायम बाजूला ठेवता येतात, तर म्हैस घे, विमा काढ, आणि जरा काही वाटलं की लगेच डॉक्टर बोलाव, उद्यावर ढकलू नको. आणि हातात एवढा पैसा एकदम नसतो असं असेल तर शेळ्या, पण मग लसीच्या तारखा चुकवायच्या नाहीत, लावणी असो नाहीतर लग्न असो. आणि एकदम दहा घेऊ नको. त्याने विचारलं दहाच्या जागी किती. म्हटलं चार.

काल गेलो तर चार शेळ्या आणलेल्या, बाजारातनंच, आणि पठ्ठ्याने त्या सरळ मामाच्या दोन जुन्या शेळ्यांशेजारी बांधल्या होत्या. एकीचं नाक वाहत होतं. तिथंच सोडवून परसात लांब नेऊन बांधल्या, पंधरा-वीस दिवस तिकडंच राहतील, पाण्याचं पातेलं पण वेगळं. मामी म्हणाल्या, "पाहुण्यासारखं करालास की रे शेळ्यांचं."