थंड गाडीचा आवाज, गरम गाडीची चक्कर

घरच्या गाडीखालून येणाऱ्या एका खडखडाटापायी मी तीनदा फसलो. तिन्ही वेळा गॅरेजवाल्याने मला शेजारी बसवून चक्कर मारली, तिन्ही वेळा आवाज आला नाही आणि मी निर्धास्त मनाने पैसे मोजले. तुमच्या गाडीखाली असं काही वाजत असेल, तर एकही भाग बदलायला होकार देण्याआधी हे वाचा.

सकाळी गाडी सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की वाढायचा, आणखी दाबला की गायब. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की मग दिवसभर शांत. मागे बसणाऱ्या आईला तो पायांखाली जाणवायचा. "खालचा पत्रा सुटलाय रे," असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती.

गॅरेजवाल्याने गाडी वर न घेताच निदान केलं: लिंक रॉड (सस्पेन्शनमधल्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेतल्या, जोडदांड्या) गेलेत. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो, चक्कर मारली, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच खडखडाट. मग लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातले रबरी तुकडे) झाले, मग मागचे शॉक ॲब्सॉर्बर. "एक नीट केलं की दुसरं उघडं पडतं, साहेब," तो म्हणायचा आणि मला ते पटायचं, कारण आवाज माझ्या कानांदेखत थांबलेला असायचा.

तो थांबायचा इंजिन तापल्यामुळे. सायलेन्सरच्या पाइपावर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरभोवती (इंजिनाचा धूर शुद्ध करणाऱ्या डब्याभोवती) पातळ पत्र्याचं आवरण असतं, त्याला हीट शील्ड म्हणतात. आतला भाग कित्येकशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. ती धग गाडीच्या तळाला आणि आजूबाजूच्या पाइपांना लागू नये, हे त्याचं काम. त्याचे बोल्ट बारीक असतात. पाणी, चिखल आणि उष्णता यांनी ते गंजतात, भोवतीचं भोक मोठं होतं आणि इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांना पत्रा थरथरू लागतो. तापला की धातू प्रसरण पावतो, पत्रा कुठेतरी घट्ट टेकतो आणि गप्प होतो. मी पोहोचायचो तेव्हा इंजिन आधीच तापवून ठेवलेलं असायचं. इतकी वर्षं गाड्यांखाली काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं मी मानणार नाही.

आणि एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. आमची गाडी जागेवर उभी असताना वाजत होती. लिंक रॉड, बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बर खराब असले, तर मुख्यतः खड्ड्यातून जाताना किंवा वळताना वाजतात. उभ्या गाडीत, नुसत्या ॲक्सिलरेटरवर आवाज येत असेल तर आधी सायलेन्सरची लाइन आणि इंजिनाचे माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे आधार) बघायचे. ब्रेक हलका दाबल्यावर आवाज थांबत असेल तर ब्रेक पॅड. एवढं चाळून पाहायला कोणतंही अवजार लागत नाही. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

चौथ्या वेळी तो म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आतली जाळी फुटलीय, गाडी दोन दिवस ठेवा, जुना भाग आम्हीच टाकून देऊ. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, जुन्यालाही भंगारात चांगला भाव येतो. तो कोणी फुकट "टाकून देत" नाही. तिथे मात्र मी गाडी परत घेतली.

दुसऱ्या मिस्त्रीने गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण त्याला ती थंड असतानाच ऐकायची होती. सकाळी सुरू करून ऐकली, मग बंद करून लिफ्टवर घेतली आणि पाइपावर मुठीने ठोकत गेला. हीट शील्डपाशी तोच खुळखुळाट. दोन बोल्ट गंजून गळून पडले होते. स्टीलचा क्लॅम्प आवळला, काम संपलं. काही जण हे शील्ड कापूनच टाकतात. ते करू नका, तापलेला पाइप उघडा राहिला तर सुक्या गवतावर उभी केलेली गाडी पेटू शकते.

मग त्याने मला खाली बोलावून शॉक ॲब्सॉर्बर दाखवले. ताजा काळा रंग होता. फडक्याने जोरात घासल्यावर त्याखाली जुना गंज निघाला. लिंक रॉडच्या नटांवर पान्हा लागल्याची खूणही नव्हती. बदललेले म्हणून मला दाखवलेले जुने रॉड कुठल्या गाडीचे होते, देव जाणे.

मी फोटो घेऊन परत गेलो. बराच वाद झाल्यावर शॉक ॲब्सॉर्बरचे पैसे त्याने परत केले, कारण त्या बिलावर भागाचं नाव होतं. आधीच्या दोन्ही बिलांवर फक्त "सस्पेन्शनचं काम" एवढंच लिहिलेलं होतं, सही माझी होती. ते पैसे आजवर मिळालेले नाहीत.